पेलेगचा कॅप्टन

पेलेग स्टॉडर्डला इथामार कोल्बीचा पहिल्यांदा हेवा वाटला, तो इथामारला शत्रूने पकडून नेलं त्या दिवशी.

ऐकायला विचित्र वाटेल, पण झालं ते असं. फ्रेंचांशी जुनी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. कोनेटिकट नदीच्या पार वरच्या अंगाला बार्लोज लँडिंग नावाची वस्ती होती. ओंडक्यांची घरं, एक पाणचक्की, एक प्रार्थनाघर, आणि त्यापलीकडे थेट कॅनडापर्यंत नुसतं रान. ही दोघं पोरं नदीकाठच्या कुरणात वाळत घातलेलं गवत उलटत होती. तेवढ्यात झाडीतून फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या अबेनाकी आदिवासींची टोळी बाहेर पडली. पेलेगने त्यांना आधी पाहिलं आणि सरळ गवताच्या गंजीत बुडी मारली. ‘‘पड आत!’’ असं तो इथामारला म्हणालासुद्धा. पण काय चाललंय ते बघायला इथामार मागे वळला. वळला आणि सापडला.

संध्याकाळी पेलेग डोक्यात गवत घेऊन घरी पोचला. आईने आधी पोटाशी धरलं, मग एक थोबाडीत दिली, आणि ती कोल्बीबाईंजवळ बसायला निघून गेली. त्यानंतर दर रविवारी प्रार्थनाघरात पाद्री इथामारचं नाव घ्यायचा आणि बायका डोळे पुसायच्या. ‘शूर पोर’ म्हणायच्या. पेलेगला कळेना, मागे वळून बघण्यात शूरपणा कसला? वेळेवर लपायला डोकं लागतं, त्याचं कुणालाच काही नाही?

काही वर्षांनी कैद्यांची अदलाबदल झाली आणि इथामार परत आला. मिसरूड फुटलेलं, अंगात हरणाच्या कातड्याचे कपडे, चाल अशी की वाळलेलं पान वाजायचं नाही. अबेनाकींनी त्याला मारलं नव्हतं. एका बाईने आपल्या मेलेल्या मुलाच्या जागी त्याला घेतलं होतं. तिचा दुसरा मुलगा आतियान त्याला शेवटच्या टेकडीपर्यंत पोचवायला आला होता, आणि टेकडीवर दोघं गळ्यात गळा घालून रडले होते म्हणे. इथामार फ्रेंच बोलायचा, अबेनाकी बोलायचा, बर्च झाडाच्या सालीची होडी बांधायचा. आल्या आल्या सगळी वस्ती हुल्डा फिस्कच्या खानावळीत त्याच्याभोवती गोळा झाली.

‘‘आणि काय रे पेलेग, तू काय करत होतास इतकी वर्षं?’’ कुणीतरी विचारलं.

‘‘गवत उलटत होतो,’’ पेलेग म्हणाला.

लोक हसले. इथामार सगळ्यांत मोठ्याने हसला आणि पेलेगच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, ‘‘हा माझा सगळ्यांत जुना दोस्त.’’ तो हात काढून घेतल्यावरही पेलेगला दिवसभर खांद्यावर जाणवत राहिला. टोचरा लोकरी सदरा घातल्यासारखा.

तसं पाहिलं तर पेलेगकडे नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. नदीवरच्या सगळ्या सपाट होड्या तोच बांधायचा. त्याचं घर गळत नसे. त्याच्या गाई वेळेवर दुभत्या असत. आणि पाणचक्कीवाल्याची केझाया, जिच्यामागे निम्मी वस्ती होती, तिने लग्न केलं ते पेलेगशी. लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात, चुलीपुढे बसल्या बसल्या त्याने तिला विचारलं होतं.

‘‘इथामारने कधी विचारलं होतं तुला?’’

केझाया मोजा विणत होती. ‘‘नाही,’’ ती म्हणाली.

‘‘विचारलं असतं तर?’’

‘‘तर काय? ह्या मोज्याचा अंगठा चुकला असता. गप बस जरा, टाके मोजू दे.’’

एवढ्यावर एखादा सुखाने झोपला असता. पेलेग नाही झोपला. तिने ‘नाही’ म्हटलं ते त्याला आठवत राहिलं नाही. ‘विचारलं असतं तर’ तेवढं राहिलं.

मग इंग्लंडच्या राजाविरुद्धची लढाई पेटली. रानवाटा जाणणारी माणसं हवी होती, म्हणून इथामारला टेहळणीच्या तुकडीचा कॅप्टन केलं. लेफ्टनंट म्हणून इथामारने पेलेगचं नाव घेतलं.

‘‘का रे, मीच का?’’ पेलेगने विचारलं.

‘‘कारण माझी माणसं उपाशी मरायला नकोत, लेका! मला शिकार दिसली की बाकीचं सुचत नाही. तू दारूगोळा, पीठ, जोडे, सगळं बघ. मी पुढे बघतो.’’

तसंच झालं. इथामारने पुढे बघितलं आणि पेलेगने बाकी सगळं.

त्या उन्हाळ्यात शॅम्प्लेन सरोवराच्या उत्तर टोकाला इंग्रजांनी लढाऊ गलबतं बांधायला काढली होती. ती किती आहेत, केवढी आहेत, हे आपल्या सैन्याला हवं होतं. इथामारने एका फ्रेंच शेतकऱ्याचा ढगळ अंगरखा चढवला, खांद्यावर अंड्यांची टोपली घेतली आणि सरळ गोदीत शिरला. इंग्रज अधिकाऱ्यांना अंडी विकली, त्यांच्याशी फ्रेंचमध्ये हुज्जत घातली, एकाच्या घोड्याच्या नालाला नावं ठेवली. गलबतं डोळ्यांत साठवून बाहेर पडताना खुंटीवरचा एका अधिकाऱ्याचा लाल डगलाही टोपलीत घालून आणला. तो अंगावर घालूनच तो होडीत येऊन बसला.

होडी कुणी आणली होती? पेलेगने. दोन सरोवरांमधली चढण तिला डोक्यावर घेऊन कोण चढलं होतं? पेलेग. इथामार आत अंडी विकत असताना लव्हाळ्यात मानेइतक्या पाण्यात, डासांकडून तोंड फोडून घेत कोण उभं होतं? पण जनरलसाहेबांपुढे उभं राहायची वेळ आली तेव्हा डगला इथामारच्या अंगावर होता. जनरलांनी स्वतःच्या कमरेचं पिस्तूल काढून त्याला दिलं. पेलेगकडे बघून ते म्हणाले, ‘‘आणि हे गृहस्थ?’’

‘‘माझा उजवा हात,’’ इथामार म्हणाला.

जनरलांनी उजव्या हाताकडे पाहून मान हलवली. बाहेर आल्यावर पेलेग म्हणाला, ‘‘हाताला नाव असतं, इथामार.’’

‘‘काय?’’

‘‘काही नाही.’’

पानगळ संपत आली तेव्हा इथामार पुन्हा सरोवराच्या उत्तरेला गेला. पेलेगला त्याने माणसं आणि होड्या घेऊन एका ओढ्याच्या तोंडाशी ठेवलं. ‘‘उद्या दुपारपर्यंत वाट बघ. नाही आलो तर निघ. उगाच माणसं घालवू नकोस.’’ पेलेगने दुपारपर्यंत वाट पाहिली. मग संध्याकाळपर्यंत. मग दुसरा पूर्ण दिवस. काठावर बर्फाची साय धरायला लागली आणि माणसं कुरकुरायला लागली, तेव्हा त्याने होड्या पाण्यात लोटल्या. त्याच्याकडून काडीइतकीही कसूर झाली नव्हती, आणि पुढेही कुणी तसं म्हटलं नाही.

फक्त परतीच्या वाटेवर, वल्हं मारता मारता, पेलेगच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय.

त्याने ती लगेच थांबवली. इकडेतिकडे बघितलं. कुणी ऐकली नसावी. पण त्याने स्वतः ऐकली होती.

तो हिवाळा तुकडी पेलेगच्या हाताखाली होती. एकही माणूस मेला नाही. कुणाच्या पायाची बोटं गेली नाहीत. पीठ पुरलं. पेलेगला वाटलं, आता तरी लोकांना कळेल. आणि लोक शेकोटीभोवती बसून काय बोलायचे? ‘‘कॅप्टन असता तर आत्ता मज्जा आली असती.’’ उत्तरेकडून बातम्या यायच्या त्याही इथामारच्याच. कॅप्टन इंग्रजांच्या हाती सापडला. कॅप्टन कैदेतून पळाला. कॅप्टनला रानात पुन्हा धरलं. कॅप्टनने पहारेकऱ्याची टोपी पळवली. नसलेला इथामार असलेल्यापेक्षा भारी पडत होता.

मार्च उजाडता उजाडता बार्लोज लँडिंगला आतियान आला. पेलेग सुटीवर घरी होता, अंगणात होडीच्या फळ्यांना डांबर लावत होता. हा उंच अबेनाकी माणूस कुंपणापाशी येऊन उभा राहिला आणि सावकाश इंग्रजीत म्हणाला, ‘‘पेलेग तूच ना? माझ्या भावाने ओळख सांगितली होती. म्हणाला, अंगणात जो काम करताना दिसेल तोच.’’

केझायाने त्याला मक्याची भाकरी आणि वाटाण्याची आमटी वाढली. खाऊन झाल्यावर त्याने सांगितलं. इथामारला सेंट लॉरेन्स नदीतल्या एका बेटावर कोंडलं होतं. वेष पालटून गोदीत शिरला म्हणून हेर ठरवलं होतं. नदीचं बर्फ फुटून होड्यांची वाट मोकळी झाली की त्याला खाली क्वेबेकला नेऊन फाशी द्यायचं होतं.

‘‘तुझा काय संबंध ह्यात?’’ पेलेगने विचारलं. ‘‘तुझ्या गावातली निम्मी माणसं इंग्रजांच्या बाजूने आहेत.’’

‘‘तुमच्या राजाशी तुमचं भांडण. मला त्याचं काय? माझा भाऊ आहे.’’ आतियानने हात पुसले. ‘‘मी पहारेकऱ्यांना कातडी जोडे विकतो, मला तिथे येऊ-जाऊ देतात. तो म्हणाला, पेलेगला आण. दुसरं कुणी नको.’’

पेलेग उठून दारात जाऊन उभा राहिला. केझाया त्याच्यामागे आली.

‘‘जाशील ना?’’ ती म्हणाली.

‘‘तुला फार काळजी त्याची?’’

‘‘पेलेग, माणूस फासावर चढतोय आणि तू मला हे विचारतोस?’’

‘‘जातो,’’ तो म्हणाला. आणि तो का निघाला हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोस्तीसाठी नाही, देशासाठी तर नाहीच. ह्या वेळी इथामार खाली असणार होता आणि आपण वरून हात देणार होतो. ते तोंड त्याला बघायचं होतं.

बेटावर तट नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. सगळीकडून नदी, आणि नदीवर कुजलेलं बर्फ. चालावं तर खचेल, वल्हवावं तर आडवं येईल. दिवसा कैद्यांना बेटाच्या टोकावर लाकूड तोडायला मोकळं सोडत, नावाला एक पहारेकरी. आतियान जोड्यांची मोट घेऊन आधी जाऊन आला आणि इथामारला निरोप देऊन आला. मग एका धुकट सकाळी पेलेग दक्षिण काठावरून एकटाच निघाला. बर्चच्या सालीची हलकी होडी, तिच्या नाकाला दोर, दोर त्याच्या छातीला. जिथे बर्फ धरत होतं तिथे पोटावर सरपटत होडी ओढायची, जिथे फुटलं तिथे झटकन आत उडी घ्यायची. खालून नदी गुरगुरत होती. कितीदा तरी त्याचा हात कोपरापर्यंत खाली गेला. एकदा सगळाच गेला, छातीपर्यंत, आणि होडीच्या काठाला लोंबकळून वर आला. मनात देवाचं नाव नव्हतं. मनात एकच होतं, इथामार कोल्बी मला बघून काय म्हणेल?

धुक्यातून टोक दिसलं. तिथे ओंडक्यावर बसलेला माणूस इथामार होता हे ओळखायला वेळ लागला. दाढी छातीवर, गाल आत, दोन्ही पायांना फडकी गुंडाळलेली. पळताना पाय बर्फाने खाल्ले होते. त्याने पेलेगकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘उशीर केलास. मी लाकडंसुद्धा तोडून ठेवली.’’

पेलेगला वाटलं, ह्याला इथेच ठेवावं.

‘‘चल, ऊठ.’’

‘‘उठवत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?’’

मग काय, पेलेगने त्याला उचलून होडीत घातलं. आणि निघाली वरात. कॅप्टन होडीत टेकून बसलेला, लेफ्टनंट चारी पायांवर पुढे ओढतोय. अर्ध्यात आल्यावर मागे आरडाओरडा झाला आणि गोळ्या सुटल्या. एक बर्फावर टणकन आपटून गेली, एकीने होडीची साल फाडली. ‘‘डावीकडे घे, डावीकडे,’’ इथामार आतून सांगत होता, ‘‘तिकडे बर्फ निळं आहे.’’ पेलेगच्या तोंडात रक्त आलं होतं. त्याने दोर ओढला, डावीकडे घेतलं. बर्फ खरंच निळं होतं, आणि धरलं. ह्याचाही त्याला राग आला.

काठावर आतियान घसरगाडी घेऊन उभा होता. तिघं रानात घुसले आणि दक्षिणेची वाट धरली. पुढचे दिवस उपासाचे गेले. साठवलेला मका संपला तेव्हा त्यांनी जोड्यांचं कातडं उकळून त्याचं पाणी प्यायलं. इथामारला ताप होता. पेलेग त्याचे पाय धुवायचा, फडकी बदलायचा, आपल्या वाटचं अर्धं त्याला भरवायचा. एका दुपारी आतियान सापळे बघायला गेला असताना पेलेगने विचारून टाकलं.

‘‘एवढी तुकडी होती. मलाच का बोलावलंस?’’

इथामारने डोळे उघडले. पेलेग पुढे वाकला.

‘‘अरे, तेवढा वेळ होडी ओढायला दुसरा कोण होता?’’ इथामार म्हणाला आणि पुन्हा झोपला.

एप्रिलात दोघं बार्लोज लँडिंगला पोचले. आतियान टेकडीवरूनच मागे फिरला. इथामारचे पाय वाचले, काही बोटं तेवढी गेली. चालता यायला लागल्याबरोबर तो हुल्डामावशीच्या खानावळीत हजर झाला. हातात रमचा पेला घेऊन त्याने सगळ्यांपुढे गोष्ट सांगितली. आणि ती पेलेगची गोष्ट होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत पेलेगचीच. पेलेग कसा धुक्यातून आला, पेलेगने दात दोरात रोवून कसं ओढलं, पेलेगने काठावर आलेल्या लांडग्याला नुसत्या नजरेने कसं परतवलं.

लांडगा नव्हताच. पण माणसं श्वास रोखून ऐकत होती. पेलेग कोपऱ्यात बसून बघत होता. आणि त्याने पाहिलं, एकजणही त्याच्याकडे बघत नव्हता. सगळे डोळे इथामारच्या तोंडाकडे.

गोष्ट संपली. हुल्डामावशीने एप्रनने डोळे टिपले. ‘‘किती मोठ्या मनाचा माणूस आहे कॅप्टन! सगळं श्रेय दुसऱ्याला देऊन मोकळा!’’

पेलेग उठला. बाक उलटा पडला तरी त्याने मागे पाहिलं नाही. इथामार लंगडत त्याच्यामागे अंगणात आला.

‘‘काय झालं रे?’’

‘‘लांडगा कुठे होता?’’

‘‘कुठला लांडगा?’’

‘‘तुझ्या गोष्टीतला! मी तुला ओढून आणला, इथामार. मी. आयुष्यात एक गोष्ट माझी होती. तीसुद्धा तू घेतलीस!’’

‘‘मी? अरे, मी तर तुझंच सगळं सांगितलं...’’

‘‘तू सांगितलंस! तेच तर!’’

इथामार खरंच गोंधळला होता. त्याच्या चेहऱ्यावर पेलेगला ना राग दिसला, ना कावा. इतकी वर्षं आपण ज्याच्याशी शर्यत लावून धावत होतो, त्याला शर्यत आहे हेच ठाऊक नव्हतं. हे पेलेगला तेव्हा कळलं.

‘‘मग तू सांग,’’ इथामार म्हणाला. ‘‘चल आत. मी ऐकतो.’’

आणि त्याने त्याला हाताला धरून आत नेलं, शेकोटीपुढे उभं केलं. माणसं गप्प झाली. पेलेगने घसा खाकरला.

‘‘बर्फ वाईट होतं,’’ तो म्हणाला. ‘‘मी पलीकडे गेलो. ह्याला होडीत घातलं. मग आलो.’’

सगळे वाट बघत राहिले.

‘‘होडी चांगली होती,’’ पेलेग म्हणाला.

हास्याचा असा गडगडाट झाला की खिडक्यांची तावदानं वाजली. केझायासुद्धा हसत होती, पोट धरून. पेलेग तडक घरी गेला आणि गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीला टेकून उभा राहिला. थोड्या वेळाने केझाया आली.

‘‘हसले म्हणून रागावलास?’’

‘‘खरं सांग,’’ तो म्हणाला. ‘‘आज खरं सांग. त्याने विचारलं असतं तर तू त्याच्याशीच लग्न केलं असतंस.’’

केझायाने दुधाची बादली खाली ठेवली. ‘‘विचारलं होतं त्याने.’’

गाईने शेपटी हलवली. पेलेगला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

‘‘विचारलं होतं, आणि मी नाही म्हटलं. चक्कीच्या बांधावर. इतकं सुंदर बोलला म्हणून सांगू! पण बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, आपलं बोलणं कसं वाजतंय ते ऐकत होता. मला वाटलं, जन्मभर ह्याचं ऐकत बसायला लागेल. तू आलास तेव्हा तुला एक वाक्य धड बोलता येईना. हात सगळे डांबराने भरलेले.’’

‘‘मग मला नाही का म्हणालीस तेव्हा?’’

‘‘आपलं लग्न ठरल्यावर त्याने शपथ घातली होती. म्हणाला, पेलेगला कळू देऊ नकोस, त्याला वाटेल माझं उरलेलं मिळालं. तो तुला ओळखून आहे, बाबा.’’

ह्यावर कुणीही बायकोचा हात धरला असता. पेलेगच्या मनात आधी ऊन पडल्यासारखं झालंही. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

‘‘म्हणजे त्याने माझ्या आधी विचारलं?’’

केझायाने त्याच्याकडे पाहिलं. मग बादलीवरचं फडकं काढलं आणि ओलंच त्याच्या तोंडावर मारलं.

‘‘आधी! हो, आधी! जा, त्याच्याशीच लग्न कर तू!’’

लढाई संपली. इथामारला गावात करमेना. पश्चिमेला डोंगरांपलीकडे ओहायोच्या बाजूला नवीन मुलूख उघडला होता, तिकडे जाणाऱ्या कुटुंबांना वाटाड्या हवा होता. निघताना तो पेलेगच्या अंगणात आला. ‘‘येतोस? तिकडे नद्या आहेत, लेका. नुसत्या नद्या. होड्या बांधशील.’’

‘‘माझ्या गाई आहेत.’’

‘‘हं,’’ इथामार म्हणाला. तो कुंपणापर्यंत जाऊन परत फिरला. मग म्हणाला, ‘‘तुझ्याशिवाय मी फार दिवस टिकत नाही, माहीतय ना?’’

पेलेगला हे शब्द खूप हवे होते, वर्षानुवर्षं हवे होते. आणि ते आले तेव्हा त्याला वाटलं, हेसुद्धा किती छान म्हणाला. आपल्याला असं म्हणता आलं नसतं. ‘‘जपून जा,’’ एवढंच तो म्हणाला.

काही वर्षांनी आतियान आला. केस पिकले होते. त्याने सांगितलं, तिकडे ओहायोच्या बाजूला पुराच्या नदीतून माणसं पलीकडे नेताना कुणाचंसं वासरू वाहून चाललं होतं. त्याच्यामागे इथामारने उडी घेतली. वासरू पोचलं. इथामार नाही.

‘‘वासरासाठी,’’ पेलेग म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘मरतानासुद्धा त्याला साधं मरता आलं नाही!’’ पेलेग ओरडला आणि अंगणातल्या अर्धवट होडीला त्याने लाथ मारली. मग तिच्याच काठावर बसून तो इतका रडला की केझायाने आतियानला घरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

त्याच्या पुढच्या वसंतात पेलेग पाइनच्या ओंडक्यांचे तराफे घेऊन नदीने खाली हार्टफर्डला गेला. पावसाने अडकला म्हणून दुपारी एका खानावळीत शिरला. आत जुने सैनिक बसले होते आणि जो तो आपापल्या लढाया लढत होता. पोट सुटलेला एक माजी मेजर टेहळणीच्या बाता मारत होता. पेलेग म्हणाला, ‘‘टेहळणीचं म्हणाल तर कॅप्टन कोल्बीसारखा...’’

‘‘कोण?’’

‘‘कोल्बी. इथामार कोल्बी.’’

मेजरने बाकीच्यांकडे पाहिलं. माना हलल्या. ‘‘कोलमन म्हणताय का तुम्ही? घोडदळातला?’’

‘‘कोल्बी,’’ पेलेग म्हणाला. ‘‘अंड्यांची टोपली घेऊन गोदीत गेला तो. बेटावरून सुटला तो.’’

कुणीच ऐकलं नव्हतं. एकानेही नाही. पेलेगच्या छातीत आधी काहीतरी गरम आणि गोड पसरलं, रमच्या पहिल्या घोटासारखं. वरच्या नदीकाठची चार गावं सोडली तर ह्या माणसाला कुत्रं ओळखत नव्हतं! तो मनातल्या मनात हसलासुद्धा. पण ते फार टिकलं नाही. कारण लगेच दुसरा विचार आला. ज्याच्या शेजारी उभं राहून मी जन्मभर बुटका ठरलो, ज्याच्या पायी माझ्या कित्येक झोपा गेल्या, तो ह्यांच्या लेखी कोणीच नाही? मग मी जळलो ते कुणावर?

‘‘असेल कुणी किरकोळ,’’ मेजर म्हणाला.

पेलेगने पेला असा आदळला की रम मेजरच्या बाहीवर उडाली. ‘‘किरकोळ? तुम्ही बसा जरा. सगळे बसा.’’

आणि त्याने सांगायला सुरुवात केली. गवताच्या गंजीपासून सांगितलं, चुकत, मागे जाऊन दुरुस्त करत. मग कुठेतरी मध्यावर, इथामार गोदीत घोड्याच्या नालाला नावं ठेवत होता तिथे, त्याला स्वतःच्या तोंडात इथामारचा थांबा ऐकू आला, तो नेमक्या जागी श्वास घ्यायचा तसा. त्याने तो तसाच घेतला. माणसं पुढे सरकली. स्वयंपाकीण पोळ्या भाजायच्या सोडून दारात आली. बर्फापाशी पोचेपर्यंत मेजरनेही तंबाखूची नळी विझू दिली होती.

‘‘मग? ओढत कोण होतं होडी?’’ त्याने विचारलं.

‘‘त्याचा लेफ्टनंट.’’

‘‘नाव काय त्याचं?’’

पेलेगने पेला बाजूला सरकवला. ‘‘ते सोडा,’’ तो म्हणाला. ‘‘ऐका, पुढे कॅप्टन काय म्हणाला.’’

घरी परत आल्यावर त्याने केझायाला सांगितलं, ‘‘तिकडे कुणी ओळखत नव्हतं त्याला.’’

‘‘कुणीच नाही?’’

‘‘आता ओळखतात.’’

केझायाने त्याच्यापुढे मटणाचा रस्सा ठेवला आणि शेजारी बसली. ‘‘अजून जळतोस का रे त्याच्यावर?’’

पेलेगने भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून धरला. खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. ‘‘त्या मेजरने सगळं ऐकलं,’’ तो म्हणाला, ‘‘आणि शेवटी मला म्हणाला, काय माणूस असेल हो तो! मी इतका वेळ बोललो, घसा बसला माझा. आणि ‘तो’!’’

केझाया हसायला लागली. ह्या वेळी तोही हसला, थोडासा.

त्यानंतर दर वसंतात तो तराफे घेऊन खाली जाऊ लागला. गुडघे धरले, तराफ्यावर उभं राहवेना, तरी जायचा. हार्टफर्डच्या त्या खानावळीत लोक आधीपासून विचारायचे, ‘‘कोल्बीचा माणूस आला का?’’ हे नाव त्याच्या कानावर पडलं की दरवेळी त्याच्या कपाळाला आठी पडायची. ती आठी घेऊनच तो आत जायचा, टोपी काढायचा आणि शेकोटीपुढची जागा घ्यायचा.